आम्ही पुसलेली पाण्याची रेघ

सुरुवातीलाच माफी मागतो. हे लिहिण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी मीच स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्याआधी आमच्याकडे लिहिणं म्हणजे दळणाच्या डब्यावर खडूने आडनाव टाकणं आणि त्याखाली ‘जाड’ किंवा ‘बारीक’. बँका, कर्जं, न्याय यांवर बोलायला मोठी माणसं आहेत. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बँकिंगच्या पेपरात जेमतेम पास झालो आहे. माझी काही समज चुकत असेल तर वाचणाऱ्याने ती सांभाळून घ्यावी. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं. आणि ते कोणी लिहिणार असेल तर आमच्या घरात दुसरं कोणी नाही.

बदलापूर पश्चिमेला नदीकडे उतरत जाणारी एक गल्ली आहे. त्या गल्लीत बाबांची पिठाची गिरणी होती. गाळा भाड्याचा, पण मोटर, दगड, पट्टा, चाळण्या सगळं आमचं. बाबा कोकणातून आले तेव्हा दुसऱ्याच्या गिरणीत पीठ भरायचे. स्वतःची गिरणी झाली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. आई दुपारी गल्ल्यावर बसायची, बाबा मशीनवर. बाबांच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं, ते म्हातारे आहेत.

संध्याकाळी ‘काका’ यायचे. ते आमचे कोणी नव्हते. एका सहकारी बँकेची पिग्मी ते गोळा करायचे, म्हणजे दुकानादुकानांत जाऊन रोजची थोडी थोडी ठेव घ्यायची आणि कमरेच्या छोट्या यंत्रातून पावती काढून द्यायची. त्यांना बँकेचा पगार नव्हता, जमवलेल्या ठेवीवर कमिशन मिळायचं. स्कूटर बाहेर उभी करून ते आत यायचे, खाली पडणाऱ्या गरम पिठाची चिमूट घ्यायचे, बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, “मालक, आज बारीक आलंय. गिऱ्हाईक जाड मागून गेलंय बघा.” बाबा हसायचे. मला ते ‘प्रोफेसर’ म्हणायचे. दहावीला पास झालो तेव्हा त्यांनी पेढे आणले होते. गणपतीत एकदा तरी ते आमच्याकडे जेवायचेच. बँक म्हणजे काय हे मला कॉलेजात शिकवलं, पण आमच्या घरापुरती बँक म्हणजे काका.

मग पूर आला. बदलापूरच्या त्या भागाला नदीचं पाणी नवीन नाही, पण त्या वर्षी ते गल्लीत थांबलं नाही, गाळ्यात शिरलं. आम्ही डबे माळ्यावर टाकत होतो तेवढ्यात मोटर बुडाली. पाणी उतरलं तेव्हा भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ राहिली होती, फुटपट्टीने मारल्यासारखी सरळ. गव्हाची पोती फुगून उसवली होती. भिजलेल्या धान्याला आंबट वास येतो, तो नाकातून जात नाही. दगडांच्या खाचांत गाळ बसला होता. मोटर उघडून बघणाऱ्याने नुसती मान हलवली. ज्यांचं ज्यांचं दळण भिजलं त्यांना आईने दुकानातून धान्य आणून भरून दिलं. “त्यांनी आपल्या भरवशावर ठेवलेलं,” एवढंच ती म्हणाली.

नवी मोटर, नवे दगड, वायरिंग, एवढं सगळं परत उभं करायला लागणारी रक्कम आमच्याकडे नव्हती. गाळ्याचे मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “दसऱ्यापर्यंत थांबतो. तोपर्यंत गिरणी सुरू झाली तर तुमचा गाळा. नाही झाली तर मला दुसरा बघावा लागेल. माझंपण घर चालतं त्यावर.” म्हणजे दसऱ्याच्या आत गिरणी फिरायला हवी होती. त्या महिन्यांत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

अशात काका आले. गाळ्याबाहेर उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले आणि म्हणाले, “मालक, तोंड का पाडलंय? बँकेने पूर आलेल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी तातडीच्या कर्जाची योजना काढलीय. व्याज कमी. तारण नाही. तुमच्यासारख्यांसाठीच आहे.”

बाबांनी आयुष्यात कधी कर्ज काढलं नव्हतं. त्यांना तो शब्दच नको होता. आई म्हणाली, “पण आपल्याला देतील?”

“का नाही देणार वहिनी? मी आहे ना. फक्त दोन गोष्टी सांगतो त्या करा. एक, रोजची पिग्मी बंद करायची नाही. थोडी का होईना, पण रोज भरा. बँक बघते, माणूस अडचणीत शब्द पाळतो का. आणि दुसरं, साहेब बघायला येतील तेव्हा गाळा असा नको.” त्यांनी चिखलाकडे बोट दाखवलं. “बँक पैसे कोणाला देते? जो फेडेल त्याला. साहेबाला धंदा दिसला पाहिजे. लक्ष्मी यायची तिथे असा राडा ठेवतात का कोणी?”

आईला ते लगेच पटलं. कोणी घरी येणार तर घर आवरायचं, यात शिकवण्यासारखं काय आहे? आणि इथे तर बँकेचे साहेब येणार होते.

मग आम्ही कामाला लागलो. चिखल खरवडून काढला. लादी फिनाईलने तीनदा धुतली. फुटलेली पोती, कुजलेला पट्टा, काळं पडलेलं वायरिंग सगळं नगरपालिकेच्या गाडीत दिलं. भिंतीला चुना मी लावला. ती रेघ एका हाताने जाईना, म्हणून दुसरा हात दिला. दुसरा वाळल्यावर भिंत अशी स्वच्छ दिसली की बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले. “नवीन वाटतंय रे,” ते म्हणाले.

गिरणी बंद असल्यामुळे पिग्मी कशातून भरायची, हा प्रश्न आईने सोडवला. वरच्या बाजूला नव्या सोसायट्या झाल्या आहेत, तिथे दोन घरी ती पोळ्या करायला जायला लागली. संध्याकाळी काका आले की त्यातलेच पैसे त्यांच्या हातात ठेवायची. यंत्रातून पावती यायची. काका म्हणायचे, “शाब्बास वहिनी. असं पाहिजे.”

मोटरचं काय, हे उरलं होतं. अंबरनाथ पश्चिमेला बाबांचे एक जुने दोस्त आहेत, त्यांचीही गिरणी आहे. तरुणपणी दोघं एकाच गिरणीत पीठ भरायचे. त्यांच्या गिरणीला सोमवारी सुट्टी असते. बाबांनी त्यांना विचारलं आणि ते म्हणाले, “रविवारी रात्री काढून ने, मंगळवारी सकाळी परत लाव. दगडपण ने हवे तर. तुझी गिरणी फिरलेली दिसू दे त्यांना.” टेम्पोत घालून मोटर आणि दगड बदलापूरला आणले. वायरिंग बाबांनी तात्पुरतं केलं. साहेब सोमवारी येणार, हे काकांनी नक्की करून दिलं होतं. आईने दारात रांगोळी काढली आणि मोटरला झेंडूचा हार घातला.

साहेब माझ्यापेक्षा फार मोठे नसावेत. चष्मा, हातात मोबाईल, पाठीला सॅक. बोलायला नम्र. काका त्यांच्या पुढे पुढे चालत होते. “हे आमचे मालक. किती वर्षांचे ठेवीदार. पुरात सुद्धा पिग्मीचा एक दिवस चुकवला नाही. बघा साहेब, गिरणी कशी उभी केलीय.”

बाबांनी बटण दाबलं. गिरणी फिरली. आईने घरचेच गहू आणले होते, ते ओतले. खाली गरम पीठ पडायला लागलं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून शेजारच्या दुकानातले लोकही डोकावले. साहेबांनी फोटो काढले. मशीनचा, पाटीचा, भिंतींचा. मग त्यांनी विचारलं, “पाणी कुठपर्यंत आलं होतं?”

बाबांनी छातीला हात लावून दाखवला. “इथपर्यंत.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. मग दुसऱ्या भिंतीकडे. “खूण दिसत नाही कुठे.”

“साफ केलं ना साहेब,” आई अभिमानाने म्हणाली. “सगळं धुऊन काढलं.”

“बरं. आणि नुकसान झालेला माल, जुनी मोटर?”

“मोटर दुरुस्तीवाल्याकडे पडलीय. बाकी टाकून दिलं. कुजलेलं कशाला ठेवायचं?”

साहेब जरा थांबले. त्यांना अजून काही विचारायचं असावं असं मला आज वाटतं. पण काका म्हणाले, “चहा घ्या साहेब, वहिनींच्या हातचा आहे,” आणि ते चहाकडे वळले. जाताना त्यांच्या शर्टाच्या बाहीला पीठ लागलं होतं. बाबांनी ते झटकून दिलं.

नंतर मोबाईलवर मेसेज आला की आमचा अर्ज योजनेच्या निकषांत बसत नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. बाबा आणि मी शाखेत गेलो. मॅनेजर बाई कामात होत्या, तरी त्यांनी बसायला सांगितलं. स्क्रीनवर बघून म्हणाल्या, “ही योजना पुरात धंदा बंद पडलेल्यांसाठी आहे. तुमची गिरणी चालू आहे. जागेवर नुकसान आढळलं नाही. आणि रोजची ठेवसुद्धा अखंड चालू आहे. मग अडचण काय आहे तुम्हाला?”

बाबा माझ्याकडे पाहायला लागले. बोलायचं काम माझं, असं आमच्याकडे ठरलेलं असतं. मी शिकतोय म्हणून. मी म्हणालो, “मॅडम, ती मोटर आमची नव्हती. एका दिवसापुरती आणली होती.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही बँकेला खोटं दाखवलंत?”

बाबा उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “नाही मॅडम, पोरगं चुकून बोललं.” आणि आम्ही बाहेर आलो. खरं सांगितलं तर आम्ही फसवणारे, गप्प बसलो तर आम्हाला काही झालंच नाही. हे कसलं गणित आहे, हे मला कोणाला तरी विचारायचं होतं. विचारण्यासारखं कोणी नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पडदे आणि गाद्यांचं दुकान आहे. त्या सिंधी शेठचं मुख्य दुकान उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, हे दुसरं. सगळे त्यांना साईं म्हणतात. त्यांच्या गाद्यांनी पाणी पिऊन पिऊन दुकानाचा दरवाजा अडवला होता आणि कितीतरी दिवस त्या तशाच पडल्या होत्या. येता-जाता लोक नाक धरायचे. आई एकदा म्हणाली होती, “केवढा हा आळस.” त्यांचं कर्ज मंजूर झालं, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं.

“तुम लोगों का क्या हुआ रे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते काउंटरवरून उठूनच उभे राहिले.

“धो डाला? चुना मारला? अरे बाबा, तू कॉलेज में जाता है ना? काय शिकवतात तिकडे, सफेदी?”

“काकांनी सांगितलं होतं.”

“कौन, वो पिग्मीवाला?” साईं माझ्याकडे बघत राहिले. “अरे, उसने ही तो मेरेको बोला, साईं, एक गादी हलवायची नाही. साहेब आने दो, पहिले फोटो, बाद में सफाई. माझी बायको बास मारतंय बास मारतंय म्हणून डोकं खात होती, तरी मी हात लावला नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मेरेको पूछने का था ना भाऊ. रोज तर दारावरून जातो तू.”

त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं नुकसान खरं होतं. त्यांना खरं सांगितलं गेलं आणि त्यांनी ते ऐकलं.

त्या संध्याकाळी मी काकांना स्टेशनबाहेर गाठलं. ते स्कूटरवर बसून पावत्यांचा रोल बदलत होते.

“काका, साईंना तुम्ही सांगितलंत हात लावू नका. आम्हाला सांगितलंत धुऊन काढा.”

ते गडबडले नाहीत. रोल नीट बसवला, झाकण लावलं. “प्रोफेसर, तुला बँकेतलं कळायला वेळ आहे. साईंचं जुनं कर्ज आहे. त्यांचा पैसा फिरतो हे बँकेला माहीत आहे. त्यांनी फक्त नुकसान दाखवायचं. तुम्ही नवीन. नव्या माणसाला ताकद दाखवावी लागते. मी तुमच्या भल्याचंच सांगितलं. आता तो साहेब नवशिका निघाला, त्याला काय करू मी? त्याने वरवर बघितलं आणि लिहून मोकळा.”

मला ते पटलं. खरंच पटलं. घरी येताना मला उलट वाईट वाटलं, की या माणसाला मी रस्त्यात अडवून विचारलं.

आणि मग मी त्यावर विचार करत राहिलो. त्याच सुमारास बँकिंगच्या तासाला सर फळ्यावर लिहीत होते की कर्ज देताना बँक माणसाची फेडायची ताकद बघते, त्याची नियत बघते. मी वहीत उतरवलं. मला हात वर करायचा होता. सर, ज्याला मदत हवी आहे त्याच्याकडून बँकेने दुबळेपण मागायचं की ताकद? दोन्ही एकदम कसं दाखवायचं? एकाच्या दारात साहेब चिखल शोधतात आणि दुसऱ्याच्या दारात चकचकीत लादी, तर ही तपासणी सारखी कशी? मी हात वर केला नाही. पण त्या वर्षीच्या प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला. जुन्या कर्जदाराला एक नियम आणि नव्याला दुसरा, हे कसं अन्यायाचं आहे, असं मी त्यात लिहिलं. बँकेने तपासावं, हे मला मान्य आहे. पूर न येताही चिखल टाकून फोटो काढणारे असतील, त्यांना ओळखायला हवं. फक्त सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा आणि तो कोणता हे आधी सांगावं, शाखेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावं, इतकंच माझं म्हणणं होतं. सरांनी प्रोजेक्ट चांगलं झालं म्हणून वर्गात सांगितलं. मला आनंद झाला. तो आनंद आता आठवला की कसंतरी होतं.

त्याच दिवसांत मी ठरवलं होतं की त्या तरुण साहेबांविरुद्ध बँकेच्या मुख्य कार्यालयाकडे तक्रार करायची. दसऱ्याला अजून अवकाश होता. पुन्हा बघायला या, एवढंच मागायचं. मी अर्ज लिहिला आणि बाबांपुढे सहीला ठेवला.

बाबांनी तो वाचला नाही. “त्या पोराने काय केलं?” ते म्हणाले.

“त्यांनी नीट बघितलं नाही बाबा.”

“त्याने जे दाखवलं ते बघितलं. त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?”

“मग कोणाचं चुकलं? कोणाचं तरी चुकलं ना? सांगा मला, त्याचं नाव लिहितो.”

बाबा ओरडणाऱ्यातले नाहीत. पण तेव्हा ते ओरडले. “नाव नाव काय करतोस? गिरणी माझी आहे. बुडाली तर बुडाली. सही नाही करणार मी.” आईसुद्धा दचकली. नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “जाऊ दे, मनाला लागलंय त्यांच्या. बँकेचं नाव काढू नकोस घरात.”

मी अर्ज ठेवून दिला. मला वाटलं, बाबा बँकेला घाबरतात. ‘खोटं दाखवलंत’ हा शब्द त्यांना पुन्हा ऐकायचा नाही. मला त्यांची कीव आली, आणि थोडा रागही आला.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या, पण तेव्हा मी त्या जुळवल्या नाहीत. आई काकांना पिग्मी द्यायला निघाली की बाबा उठून बाहेर जायचे. मग त्यांनी ती बंदच करायला सांगितली. त्या वर्षी गणपतीत काका जेवायला आले नाहीत. आई वाट बघत होती, बाबा म्हणाले, “कामात असेल.” आईने त्यांच्यासाठी करंज्या बांधून ठेवल्या होत्या, त्या बाबांनी मला खायला लावल्या.

दसऱ्याला मालकांनी गाळा परत घेतला. ते स्वतः आले, बाबांशी हात मिळवला. आता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मी लावलेल्या चुन्यावर त्यांनी निळा रंग दिला आहे. पुरातून वाचलेल्या चाळण्या आणि वजनकाटा बाबांनी अंबरनाथच्या त्या मित्राला दिला. ते स्वतःही तिथेच कामाला लागले. ज्या मोटरवर एक दिवस आमची गिरणी फिरली, त्याच मोटरसमोर ते आता दुसऱ्याच्या गिरणीत उभे असतात. मित्र चांगले आहेत, मालकासारखे वागत नाहीत. पण गिऱ्हाईक दळण घेऊन आलं की बाबा एक पाऊल मागे सरकतात आणि म्हणतात, “शेठना विचारा.” पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी गिरणीच्या बाहेरूनच परत फिरलो होतो.

बाबांच्या भुवया अजून पांढऱ्या असतात. आता त्यातल्या काही पिठाने नाहीत.

हे सगळं मी यापूर्वी लिहिलं असतं तर इथे थांबलो असतो. बँकेने जुन्यांना एक आणि नव्यांना एक माप लावलं, एक साहेब घाईत होते, आणि आमचं नशीब खोटं, असंच मी सांगितलं असतं. काकांबद्दल मी चांगलंच लिहिलं असतं.

परवा कॉलेज सुटल्यावर मी उल्हासनगर कॅम्प चारमध्ये ज्या मुलांना शिकवणीला जातो तिकडे चाललो होतो, तेव्हा आईचा फोन आला. दुपारी ती फोन करत नाही.

“कुठे आहेस? बोलू का?”

“बोल ना. काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. अरे, काका आले होते.”

मला बरं वाटलं. “कसे आहेत?”

“बँकेने पिग्मी मोबाईलवर केली. त्यांचं काम गेलं. बारीक झालेत खूप. बसले, पाणी प्यायले. चहा नको म्हणाले. मग सांगायला लागले. मी विचारलं नव्हतं काही.”

रस्त्यावर जीन्सच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी आली होती. मी एका दुकानाच्या पायरीवर सरकलो.

“पूर ओसरल्यावर बँकेने सगळ्या पिग्मीवाल्यांना बोलावून सांगितलं होतं. कोणाला काही आवरू देऊ नका, साहेब जसं आहे तसं बघणार. जुना असो, नवीन असो, सगळ्यांना तेच. नियम एकच होता रे.”

“मग आपल्याला...”

“ज्याला कर्ज मिळेल त्याची पिग्मी बंद होणार होती. त्याऐवजी कर्जाचा हप्ता कापला जाणार. हप्त्यावर यांना कमिशन नाही. म्हणून साईंसारखे जे पिग्मी भरत नव्हते त्यांना त्यांनी खरं सांगितलं. आणि जे भरत होते त्यांना आवरायला लावलं. आपल्या गल्लीतल्या इस्त्रीवालीला पण तसंच सांगितलेलं. आणि त्या सायकलवाल्याला. रडत होते. मी काय बोलणार? मी त्यांना पोळ्यांचे पैसे देत होते रे.”

मी काहीतरी म्हणालो. बहुतेक, बाबांना सांगू नकोस, असं म्हणालो. त्यांना सहन होणार नाही.

पलीकडून आईने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बाबांना माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही मॅनेजर बाईंकडे जाऊन आलात ना, त्याच आठवड्यात काकांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. पाय धरले म्हणे यांचे. माझी चूल या कमिशनवर आहे, शाखेत कळलं तर काढून टाकतील, घरात पण सांगू नका. आणि हे नाही बोलले. मी आत्ता फोन करून विचारलं तर म्हणाले, हो, मला सांगितलं होतं त्याने.”

मग आई म्हणाली, “बोलले असते तर साहेब परत बघायला आले असते. तेव्हा दसऱ्याला वेळ होता.”